गोड्या पाण्यात तपासलेला कोट

कॅनडाला जाऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचे, असं आमच्या घरात ठरलं तेव्हा पहिलं भांडण व्हिसावरून झालं नाही, कपड्यांवरून झालं.

माझे बाबा वरळी कोळीवाड्यातले. आयुष्य बोटीवर गेलं, आता एकाहत्तर. माझा धाकटा भाऊ नीलेश लहानपणी बोटीवर पाय ठेवला की उलट्या करायचा, म्हणून बाबांनी त्याला कधी समुद्रात नेलंच नाही. तो शिकला, विनिपेगला गेला आणि तिथे बर्फाला भोक पाडून मासे धरायला लागला. "बाबा, एकदा माझ्याबरोबर मासे धरायला या," असं तो फोनवर म्हणाला आणि बाबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. बापलेकांनी एकत्र मासे धरण्याची ती पहिलीच वेळ ठरणार होती.

अट एकच. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर त्याला वर धरून ठेवणारे, आत फोम भरलेले कपडे हवेत. त्याशिवाय तिथला वाटाड्या बर्फावर उतरू देत नाही.

"माजा जाकीट हाय ना," बाबा म्हणाले.

हे जाकीट म्हणजे त्यांचं बोटीवरचं जुनं नारिंगी लाइफ जॅकेट. एकदा बोट उलटली तेव्हा त्यानं बाबांना तीन तास पाण्यावर धरलं होतं. तेव्हापासून ते बाबांच्या उशाला आहे, अगदी शब्दशः. बोटीवर सगळेच खलाशी जाकिटावर डोकं ठेवून झोपतात. बाबा घरीही त्यावरच झोपतात, कापसाच्या उशीवर त्यांना झोप येत नाही. मी निक्षून सांगितलं, नवे कपडे घेतले नाहीत तर मी तिकिटं रद्द करीन. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी लालबागला माझ्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत दोन स्वेटर आणि लोकरीचे हातमोजे.

"चल. बगू तरी काय हाय ते."

असे कपडे ऑनलाइन मिळतात, पण माप चुकलं की परत पाठवण्याची कटकट. आम्हाला गिरगावात ठाकूरद्वारजवळ एक दुकान सापडलं, जहाजावरच्या कामगारांचे कपडे विकणारं. लालबागहून टॅक्सीला दोनशेच्या आसपास लागले. गल्ली अरुंद, त्यामुळे टॅक्सी कोपऱ्यावर सोडा आणि चालत जा. दुकान सांभाळणाऱ्या देसाईकाकू साठीच्या, चष्मा कपाळावर, आणि मुंबईत बर्फाचं गिऱ्हाईक आलं याचं त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"आत काय घालणार ते घालून दाखवा. शर्टावर माप घेतलंत की तिकडे फसाल," त्या म्हणाल्या.

म्हणून गिरगावच्या दुपारी माझ्या बापाने दोन स्वेटर चढवले. पंखा एकच होता आणि तो काकूंच्या बाजूला होता.

पुढचा तासभर मी नुसती बघत होते. मी आयुष्यभर कपडे रंग बघून घेतले. बाबांनी आधी शिवण उलटी करून बघितली. फोम अंगठ्याने दाबला आणि तो किती लवकर वर येतो ते पाहिलं. मग हातमोजे घातले, डोळे मिटले आणि चेन लावून बघितली, वर-खाली, तीनदा. "हात बधिर झाल्यावर पन लागली पायजे," ते म्हणाले. स्टुलावर बसून पुढे वाकले, गुडघा टेकला, उठले. जहाजावरचा जाड रबरी सूट काकूंनी दाखवला, त्याला मोजे जोडलेले होते. बाबांनी तो लगेच परत केला, त्यात बोटाला दोरीचा ताण कळणार नाही म्हणाले. अखंड, एका तुकड्यातला सूट जास्त उबदार होता.

"या वयात दर दोन तासाला जावं लागतं, बाई. ह्यो काढेपर्यंत..."

काकू हसून हसून खुर्चीत बसल्या. शेवटी कोट आणि पँट वेगवेगळी असलेला जोड पसंत पडला. कोटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा होता. तो बघितल्यावर बाबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. पाण्यात पडल्यावर जाकीट वर सरकून कानापर्यंत येतं, हे त्यांनी अंगावर भोगलेलं होतं. या पट्ट्यामुळे कोट जागचा हलणार नव्हता. किंमत मी काकूंना दोनदा विचारली; एका माणसाचं गोव्याचं जाणं-येणं-राहणं त्यात आरामात होईल. पण त्या तासाभरात मला बाबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

"घेऊ, पन आदी पान्यात बगनार," ते म्हणाले. न आवडल्यास कोरा कोट बदलून मिळेल, भिजवलेला नाही, हे काकूंनी स्पष्ट केलं. बाबा तयार. मग जवळच्या खानावळीत कोथिंबीर वडी आणि पियूष घेतलं. हॉटेलात मासे खायचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे.

मला वाटलं, आता वरळीच्या खडकांवर जायचं. बाबांनी मला वेड्यात काढलं. "खारा पानी मानसाला उचलून धरतं. नीलेशचा तलाव गोडा. तो नाय धरनार."

हे मला सुचलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दादरच्या एका तरणतलावावर गेलो. प्रशिक्षकाने कोटाकडे बघितलं. "काका, असं अंगभर घालून इथे पोहता येत नाही."

"पोवायचा नाय रे. बुडून बगायचा हाय."

त्या बिचाऱ्याने लांब बांबू हातात घेऊन परवानगी दिली. बाबांनी अंग सोडून दिलं आणि अलगद पाठीवर आले, तोंड पाण्याच्या वर, पाय वर. मी टाळ्या वाजवल्या. ते बाहेर आले, कोट उतरवला आणि पिशवीतून जुनं जाकीट काढलं. ते आणलंय हे मला माहीतच नव्हतं. जाकीट घालून त्यांनी पुन्हा अंग सोडलं. पाणी हनुवटीपर्यंत आलं, मग ओठांपर्यंत, मग नाकाशी. त्यांनी हात मारायला सुरुवात केली तेव्हा प्रशिक्षकाने बांबू पुढे केला.

बाबा काठावर बसून राहिले. जाकिटाचा फोम अंगठ्याने दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"इतकी वर्सं झोपलो ह्याच्यावर," ते म्हणाले. "मीच दाबून मारला ह्याला."

मला रडू आलं. जाकिटासाठी नाही, तेच अंगात घालून ते बर्फावर उतरले असते म्हणून.

कॅनडाबद्दल थोडक्यात. उणे अठरा. नीलेशने ड्रिलने भोक पाडलं, पण बाबांनी स्वतः पहारीने चारी बाजूंचा बर्फ ठोकून आवाज ऐकल्याशिवाय स्टूल मांडलं नाही. वाटाड्या त्यांच्याकडे बघून नीलेशला म्हणाला, हेही हेच काम करतात का? "हो," नीलेश म्हणाला, "मला उशिरा शिकवतायत." जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, कोट कितीही चांगला असला तरी पातळ बर्फावर जायचं नाही. आमच्या कोटाला तिथे पाण्याचं तोंड बघावं लागलं नाही. मासे चार मिळाले, तीन बाबांचे.

परतल्यावर बाबा कोळीवाड्यात माझ्या चुलतभावाच्या बोटीवर गेले. तिथे दुपारची डुलकी चालू होती. सहा खलाशी, सहा डोकी, खाली सहा जाकिटं, याच हंगामात घेतलेली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन लालबागच्या गादीवाल्याकडे गेले आणि कापसाच्या लहान उशा मागितल्या.

"घरी पाव्हणे आले का, काका?" गादीवाल्याने विचारलं.

"नाय, बोटीवर पायजेत. सात दे."

सहा बोटीवर गेल्या. सातवीवर बाबा झोपतात. मान अवघडते म्हणून रोज सकाळी कुरकुर करतात, पण जाकीट मागत नाहीत.