ऊन लागू दे

समोरच्या गच्चीवर नववीतली ऋतुजा कपडे वाळत घालत होती. शाळेच्या गणवेशाशेजारी तिनं पाळीची धुतलेली कापडं टाकली, अगदी पुढच्या दोरीवर. मी गॅलरीतून पाहत होते. तेवढ्यात तिची आई, मंगल, वर आली आणि बादलीतली ओढणी घाईघाईनं त्या कापडांवर पसरू लागली.

"अगं, लोक बघतात!"

"बघू देत. ओढणी टाकली तर ऊन कसं लागेल? नर्सबाईंनी शाळेत सांगितलंय, ओलसर कापड वापरलं की त्रास होतो," असं म्हणत ऋतुजानं ओढणी काढून आईच्या हातात दिली.

मला माझ्या लहानपणची न्हाणीघरामागची अंधारी दोरी आठवली. तिथं काही धड वाळायचंच नाही. तेच दमट कापड घेऊन मी शाळेत जायचे. मांड्या सोलवटून निघायच्या, तरी आईला सांगायचे, घामोळं आलंय. शरीराची एक साधी गोष्ट आम्ही गुन्ह्यासारखी लपवली आणि शिक्षाही आम्हीच भोगली. उन्हाचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

मंगलची नजर माझ्याकडे गेली आणि ती ओशाळली. एरवी तिला अवघड वाटू नये म्हणून मी आत गेले असते. त्या दिवशी नाही गेले. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राहू दे गं मंगल, पोरगी बरोबर करतेय."

मंगलनं ओढणी खांद्यावर टाकली, चुरगळलेलं एक कापड हातानं सरळ केलं आणि त्याला चिमटा लावला.