अंजिराच्या जागी उंबर

मी शाळेत विज्ञान शिकवायची, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल. वेल्ह्यात माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता पोराबाळांची झाली आहेत आणि अजून मला ‘बाई’च म्हणतात. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी शाळेला उशिरा आलं, तर मी त्याला वर्गासमोर उभं करून मांजराचा आणि त्याचा संबंध विचारायची. अशी मी, या उन्हाळ्यात एका झाडाला घाबरून बसले होते.

सगळं सुरू झालं विकतच्या अंजिरांपासून. लेकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिला अंजिरांचे डोहाळे लागले. ह्यांनी शिवऱ्याला हायवेच्या कडेच्या दुकानातून खोकं आणलं. वरचा थर बघत राहावा असा, जांभळट, टपोरा. खालची अंजिरं मात्र दबलेली, रस सुटलेली, आंबूस वासाची. लेकीनं वरची वरची खाल्ली. त्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं आणि सगळं संपलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, असं होतं कधीकधी, यात कोणाची चूक नसते आणि खाण्याचा तर काहीच संबंध नाही. मी मान डोलावली. घरी येऊन उरलेली अंजिरं परसात खड्डा खणून पुरली. शिळी असतील, फवारलेली असतील, काहीतरी असणारच. कारण सापडलं की माणसाला जरा धीर येतो. पुढच्या वेळी ते टाळता येतं, असं वाटतं.

म्हणून घरचं अंजीर. सारोळ्याकडच्या एका रोपवाटिकेतून मी कलम आणलं. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बाई, येल्ह्यात अंजीर व्हय? हितला पाऊस त्याला सोसायचा न्हाई.” मी त्यांना पाण्याच्या निचऱ्यावर छोटंसं भाषण दिलं. आमचं घर उतारावर आहे. उतार कापून मागची खोली काढली आहे आणि वरची माती खाली येऊ नये म्हणून खोलीच्या मागे दगड रचून उंच भिंत घातली आहे. त्या भिंतीच्या वर, अगदी काठावर, मी कलम लावलं. पाणी साठणार नाही, मुळं कुजणार नाहीत. माझं शास्त्र अगदी बरोबर होतं.

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा कलमाला जेमतेम चार पानं होती. विकतचं अंजीर मी तिला नजरेनंसुद्धा बघू दिलं नाही. तरीही तेच झालं, आणि आधीच्यापेक्षा लवकर झालं. त्या वेळी मला कसलंच कारण सापडलं नाही. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही.

त्यानंतरच्या थंडीत कलमाचा शेंडा वाळला. मेलं असं समजून मी उपटायला गेले, तर बुंध्यातून तुकतुकीत फुटवा आलेला. आनंदानं मला रडू आलं. तेवढं एक तरी जगलं होतं. मग ते झाड असं वाढलं की विचारू नका. हे एकदा म्हणाले, “अगं, अंजिराचं पान कातरलेलं असतं ना? हातालाही खरखरीत लागतं. हे गुळगुळीत आहे.” मी म्हटलं, कोवळेपणी पानं वेगळी असतात. हे गप्प बसले. बायको विज्ञानाची शिक्षिका असली की नवऱ्याला बरंच गप्प बसावं लागतं.

एका गुरुवारी सकाळी पाणी घालायला गेले, तर माझ्या अंजिराच्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलेलं आणि मातीत खोचलेली अगरबत्ती अजून धुमसत होती. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या. “भाग्याच्या हायसा बाई. दत्ताचा औदुंबर आपणहून दारात आला.”

मी एक गुळगुळीत पान खुडून नीट पाहिलं. मग सगळं उलगडलं. अंजिराचं कलम पुष्कळदा उंबराच्या खुंटावर बांधतात, मुळं दणकट असतात म्हणून. माझं अंजीर वाळून गेलं होतं आणि खालचा उंबर फुटला होता. एवढी वर्षं मी अंजीर समजून उंबराला शेणखत घालत होते. रोपवाटिकेचा काही दोष नाही. डोळे मला होते.

तेव्हाही मी हसण्यावारी नेलं. असू दे, म्हटलं, सावली देईल. पण या वर्षी लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. इतके महिने बाळ पोटात टिकायची ही पहिलीच वेळ. थंडावा म्हणून तिला मागची खोली दिली. तिचे कपडे वाळत घालायला मागे गेले आणि भिंत पाहिली. मधले दगड पुढे आले होते. फटीफटीतून मुळं बाहेर डोकावत होती, काही मनगटाएवढी. एक दगड सुटून खाली धुण्याच्या जागेवर पडलेला. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. माती भिजून जड झाली की ती भिंत, वरचं झाड आणि सगळा उतार माझ्या लेकीच्या खोलीवर येणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तिला पुढच्या खोलीत हलवून काय होणार होतं? ते सगळं आलं असतं तर घरच घेऊन गेलं असतं.

झाडं तोडणाऱ्याला बोलावलं. माझाच विद्यार्थी. झाडाकडे बघून त्यानं कोयता जमिनीवर ठेवला आणि कानाला हात लावला.

“बाई, ह्ये काम म्या करणार न्हाई. दत्ताचं झाड हाय. त्यात घरात लेक पोटुशी. उद्या काय इपरीत झालं तर मला जन्माची टोचणी.”

“अरे, मी तुम्हाला हेच शिकवलं का?”

“तुमी तर शिकवलं, झाडाला जीव असतो म्हणून,” तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

एरवी मी त्याला असं काही सुनावलं असतं की कान धरून परत आला असता. पण त्याचं ‘इपरीत’ माझ्या आत जाऊन बसलं. मी घाबरले. खरं सांगते, इतकी कधीच घाबरले नव्हते. झाड ठेवलं तर भिंत, झाड तोडलं तर... ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते. लेक जरा जास्त वेळ झोपली की दाराशी जाऊन तिचा श्वास बघायची. “हललं का गं?” असं दिवसातून इतक्यांदा विचारायची की ती वैतागून म्हणायची, “आई, त्याला झोपू तरी दे.” एका गुरुजींना फोन करून विचारलं, ‘आमच्या ओळखीच्या एका घरी’ असा उंबर आहे, काय करावं? ते म्हणाले, त्या ओळखीच्यांना सांगा, बाळंतपण होईपर्यंत थांबा. पण पाऊस कुठं थांबणार होता? तो बाळाच्या आधीच येणार होता.

शेवटी एका सकाळी ह्यांनी करवत काढली. हे दर गुरुवारी दत्ताचा उपास करतात. “तू बाजूला हो. काय व्हायचं ते मला होऊ दे,” म्हणाले. मी करवतीचं दुसरं टोक धरलं. “मी लावलंय, मीच तोडणार. माझं काय व्हायचं राहिलंय आता?” आम्ही दोन म्हातारी माणसं परसात करवत ओढत भांडत होतो, आणि भांडण होतं शाप कोणी घ्यायचा याचं.

लेक मागच्या दारात येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर.

“आई,” ती म्हणाली, “पहिल्या वेळी मी अंजीर खाल्लं होतं. दुसऱ्या वेळी तू मला अंजीर शिवूही दिलं नाहीस. दोन्ही वेळा तेच झालं ना? मग मला सांग, त्या दोन वेळी आपण कुठलं झाड तोडलं होतं?”

वर्गात इतकी वर्षं हाच प्रश्न मी दुसऱ्यांच्या पोरांना विचारत आले होते.

“मला पण भीती वाटते,” ती म्हणाली. “रोज वाटते. पण झाडाची नाही वाटत. बाबा, कापा ते. आणि मग शिवऱ्याहून अंजिरं आणा. मला खावीशी वाटतायत.”

आम्ही दोघांनी मिळून कापलं. त्याआधी मी हात जोडले, हेही सांगून टाकते. करवत लागली तसा खोडातून पांढरा चीक वाहायला लागला, दाट, दुधासारखा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. गवंड्यानं मुळं छाटून, दगड काढून भिंत पुन्हा रचली. पावसाच्या आधी काम झालं.

ह्यांनी खोकं आणलं. मी प्रत्येक अंजीर धुतलं, मधून उघडलं, उजेडात धरून पाहिलं, हुंगलं. खालच्या थरातली चार या वेळीही दबलेलीच होती. तेवढी काढून टाकली आणि बाकीची ताटलीत घालून लेकीपुढे ठेवली. ती सावकाश, चवीनं खात होती. मी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते, पोटाकडे बघत होते. एक तिनं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. गोड होतं, घरच्या झाडाला आलं असतं तर याहून गोड आलं असतं असं काही नाही. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत.

आता पाऊस सरला आहे. भिंत जागेवर आहे. मागच्या खोलीत पाळणा टांगला आहे. वर काठावर उंबराचा बुंधा राहिला आहे आणि तो मरायला तयार नाही. दर आठ-दहा दिवसांनी त्याला तांबूस, तुकतुकीत फुटवा येतो. पुन्हा मुळं धरू नयेत म्हणून तो खुडावा लागतो. ते काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. शेजारच्या काकू बघतात आणि मान वळवतात.

तो फुटवा चिमटीत धरते आणि तसंच वाकून आधी खिडकीतून आत बघते. पाळण्यात नात हातपाय हलवताना दिसली, की मगच खुडते.