नाव घरच्या पत्त्यावर

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना मी आमच्या हॉस्टेलच्या काउंटरवर बसायचो. २००६च्या नोव्हेंबरात समोरच्या हॉलमध्ये मतदान होतं. यादी घेऊन बसलेल्या आजी सत्तरीच्या असाव्यात. पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकानं त्या यादीची पानं उलटायच्या.

दोन वर्षांपूर्वी इथेच जिन्यापर्यंत रांग लागली होती. या वेळी राष्ट्राध्यक्ष निवडायचा नव्हता, मधलीच निवडणूक, त्यामुळे दुपारपर्यंत मोजकी पोरं आली. त्यातल्याही बऱ्याच जणांची नावं यादीत नव्हती. आजी सगळी पानं पुन्हा बघायच्या आणि थकल्या आवाजात म्हणायच्या, "तुझं नाव आईवडिलांच्या पत्त्यावर असेल. आज घरी जाता येईल का?" चार तास ड्राइव्ह करून कोण जाणार? पोरगं खांदे उडवून क्लासला निघून जायचं. आजी पेन्सिलीला टोक करायच्या.

चहासाठी गरम पाणी मागायला त्या माझ्याकडे आल्या.

"तुझं झालं मत देऊन?"

"मी भारताचा नागरिक आहे."

"मग तिकडे देत असशील."

"अजून एकदाही नाही. नाव नागपूरला होतं, कॉलेज पुण्याला. एका दिवसासाठी कुठे जायचं, म्हणून राहून गेलं."

आजी कपात टी-बॅग खालीवर करत राहिल्या.

"मला वाटायचं, हे आमच्याच पोरांचं आहे," त्या म्हणाल्या.

मग खुर्चीवर जाऊन त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक होतंच तिला.