तिसऱ्यांदा लावलेला कौल

आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, अभयारण्याच्या कड्याखाली आमचं गाव. गावाला देवाची राई होती. तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला लावत नसे. कड्यावरचं रान उतरत उतरत थेट राईला भिडलेलं. वरची शेकरं जमिनीला पाय न लावता, फांदीवरून फांदीवर उड्या टाकत आमच्या जांभळांवर यायची. अभयारण्याची हद्द कड्यावरच संपते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

राईत दिवा लावायला रोज माझी आत्या जायची. ती माहेरीच राहिलेली. शेकराला ती "आमचं येडं" म्हणायची, अन् त्याचं काटक्यांचं घरटं कुठल्या झाडावर आहे ते तिला बरोब्बर ठाऊक असायचं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मंचरला नोकरीला लागलेल्या आम्हा पोरांना देवाची कीव आली. देव उघड्यावर भिजतो म्हणे! त्याला स्लॅबचं देऊळ पाहिजे. राई कोळशाच्या भट्टीवाल्याला द्यायची अन् त्यातून देऊळ उभं करायचं, असं कमिटीनं ठरवलं. कमिटीत मीही होतो. मोठा शहाणा!

पण देवाला विचारल्याशिवाय राईला कोयता लागत नाही. आमच्याकडे देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी पाकळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं.

डावी पडली.

"फूल शिळं व्हतं राव, परत लावा," अध्यक्ष म्हणाले. परत लावल्या. परत डावीच पडली. आत्या मागून म्हणाली, "आरं, न्हाई म्हनतोय त्यो. किती येळा इचारताय?"

तोडणारे कुऱ्हाडी घेऊन येऊन बसले होते, ऊन चढलं होतं, अन् खरं सांगतो, मलाही स्लॅब हवाच होता. तिसऱ्यांदा मी डावी पाकळी ओल्या शेंदरात दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली. ती लगेच पडली. लोकांनी चांगभलं केलं. आत्या घरी निघून गेली.

पंधरवड्यात राई आडवी झाली. तोडणाऱ्यांना सावली हवी म्हणून एक जांभूळ तेवढं ठेवलं होतं, अन् त्याच्यावर एक शेकरू अडकलं. ते फांदीच्या टोकाला यायचं, समोरच्या कड्याकडे बघायचं, अंग आखडून घ्यायचं अन् माघारी फिरायचं. मध्ये नुसते तोडलेले बुंधे. तीन दिवस मी ते बघितलं. चौथ्या दिवशी ते खाली उतरलं. मी काठी घेऊन धावलो, पण कुत्र्यांनी त्याला अर्ध्यातच गाठलं होतं.

मग उताराची मालकीची रानंही लोकांनी विकली. देवाचीच गेली, तर आपली कशाला ठेवायची? धनेश पक्षी यायचे बंद झाले. उन्हाळ्यातही वाहणारा राईतला झरा पहिल्यांदा थंडीत आटला, मग दिवाळीतच आटायला लागला. कड्यावर अभयारण्याची पाटी तेवढी नवीन रंगवली.

स्लॅबचं देऊळ उभं राहिलं, पण आत्या तिथं एकदाही आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची, अन् आम्हीही ते खरं मानलं.

सात-आठ वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिला पेज भरवताना माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, तिसरा कौल खोटा होता. डावी पाकळी मी शेंदरात दाबली होती."

शिव्या देईल, थोबाडीत मारेल असं वाटलं होतं. निदान तेवढं तरी तिनं करायला हवं होतं. तिनं एवढंच विचारलं,

"म्हंजी त्यानं हो म्हनलंच नव्हतं?"

"नाही."

"आन् मी त्याच्यावरच रुसून बसले रं. येवढी वर्सं. म्हनलं, येड्याला मारायला ह्यो देव तयार झालाच कसा?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मी म्हणालो, "चल, उचलून नेतो तुला. आत्ता नेतो देवळात."

तिनं पेजेची वाटी हातानं बाजूला सारली.

"त्याला काय तोंड दाखवू? अन् तिथं आता बघायला तरी काय ठेवलंय तुमी?"