कापसाचा बोळा

अक्का गेल्याचं तिच्या मुलाने, किशोरने, धुळ्याहून फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून एकच निघालं, "मशीन चालू होतं ना रे?" तो म्हणाला, "चालूच होतं, मामी. आईच थांबली." इतके आठवडे झाले, ते वाक्य अजून पचनी पडत नाही. थांबणाऱ्यांतली ती नव्हतीच.

अक्का माझी नणंद. मी लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा ती परकरातली पोर. धाकटे दीर तिला अक्का म्हणत, म्हणून मीही. माझ्या माहेरी वीज नव्हती. सासरी भिंतीवरचं रिकामं सॉकेट पाहून मी शहाणीने त्याच्या भोकांत गादीतला कापूस कोंबला... वीज गळून वाया जाऊ नये म्हणून! वर स्वतःला काटकसरी सून समजत होते. अक्काने बटण बंद करून बोळे उपसले आणि म्हणाली, "वहिनी, खाली बादली ठेवायची राहिली वं!" पुढे प्रत्येक लग्नात, बारशात ही गोष्ट तिने रंगवून सांगितली. घरातलं काहीही बिघडलं की ती पदर खोचून उघडून बसे, आणि मी लांब खुर्चीवर, पाय वर घेऊन.

यंदा माझ्या नातीचं लग्न आमच्याकडे, सावद्याला होतं. अक्काची फुप्फुसं पार थकलेली. नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनचं छोटं मशीन. तरी "अक्षता मी टाकणारच" हा हट्ट. मी तिला न्यायला धुळ्याला गेले. गाडीतल्या चार्जिंग सॉकेटवर मशीन लावून निघालो आणि पारोळ्याजवळ जळका वास आला. सॉकेट वितळलं होतं. मशीनची स्वतःची बॅटरी सावद्यापर्यंत पुरणार नव्हती.

किशोर घाबरला. "आई, बॅटरी आहे तोवर घर गाठू."

"घर कुठं पळून जातं? आधी सॉकेट आण."

गावातल्या दुकानात सॉकेट मिळालं, फ्यूजही; मिस्त्री मात्र संध्याकाळशिवाय मोकळा नव्हता. अक्काने किशोरकडून गाडीच्या बॅटरीची वायर काढवली, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने कडा सैल केल्या आणि जळकं सॉकेट ओढून काढलं. मागची वायर वाकून हुंगली. "वायर चांगली शे." म्हणजे जळली नव्हती. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द... बॅटरी उतरत आल्याने मशीन मध्येच टूं टूं करू लागलं. तिची बोटं हलली नाहीत. मोबाईलचा टॉर्च माझ्या हातात, पण उजेड नुसता इकडून तिकडे फिरत होता.

"वहिनी, उजेड धर. आरती नको ओवाळू!"

मी बघतच राहिले. जिथून आपला श्वास यायचा ती जागा ही बाई स्वतःच्या हातांनी बसवत होती, आणि वर माझी थट्टा करत होती! नवं सॉकेट खट्‌कन बसलं. किशोरने वायर जोडली, फ्यूज घातला, किल्ली फिरवली. मशीनवर हिरवा दिवा लागला. सावद्याला तिच्या अक्षता थेट नवरदेवाच्या फेट्यावर पडल्या. आणि जेवताना कापसाची गोष्ट... श्वास घेत घेत, पण पूर्ण.

परवा किशोर मला धुळ्याला न्यायला आला. मी गाडीत पुढे, तिच्या जागेवर बसले. समोर ते सॉकेट, रिकामं. गाडी बंद आहे ना ते आधी पाहिलं. एवढं तरी तिने शिकवलंय. मग पर्समधला कापूस काढला, छोटा बोळा केला आणि हळूच आत बसवला.

"मामी, हे काय?"

"असू दे," म्हटलं. "गळायला नको."