किती मिळाले, असं विचारायचं नसतं

मासे गरवायला निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं विचारायचं नाही, हे आमच्या रत्नागिरीच्या खाडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी विचारलंच, तर तो माणूस चिडून घरी परततो आणि दिवस फुकट जातो. इथे आखातात, रुवैसला मात्र गरी पाण्यात टाकायच्या आधी मोबाइलवरचं ॲप नेमकं तेच विचारतं. कुठे चाललात, बरोबर किती माणसं, परत कधी येणार. परत निघताना पुन्हा चौकशी: कोणता मासा, किती, केवढा, ठेवला की सोडला.

पहिल्या शनिवारी सकाळी मी गाडीत बसून चेक-इन करत होतो. अब्बांनी प्रश्न ऐकले आणि म्हणाले, “निघतानाच टोकतो मेला.”

मला ते ॲप मनापासून आवडायचं. तेलाच्या कंपनीत मी कामाची परमिटं देणारा माणूस. कोण आत गेला, कोण बाहेर आला, कुठल्या टाकीवर कोण चढला, हे लिहून ठेवायचं. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, या समजुतीवर माझा पगार चालतो. बायको म्हणते, घरातलं मीठ संपलं तरी हा आधी फॉर्म भरून मागेल. खोटं नाही तिचं.

अम्मी गेल्यानंतर अब्बा माझ्याकडे आले होते. गावी घराला कुलूप, धाकटा भाऊ मुंबईत दोन खोल्यांत. अब्बांनी आता इथेच राहावं, असं मला फार वाटत होतं. व्हिसाचं सगळं मी केलं असतं. पण ‘अब्बा, किती दिवस राहणार?’ असं विचारलं की ते म्हणत, “बघू.” त्यांनी बाल्कनीत कपड्यांची दोरी बांधली होती, धक्क्यावर एक कोपरा आपला करून टाकला होता, त्यांच्या हातच्या कालवणाची बायकोला सवय लावली होती. तरी राहतो असं काही तोंडातून निघत नव्हतं. तो ‘बघू’ मला टोचायचा. मी दर आठवड्याला विचारायचो आणि दर आठवड्याला चिडायचो.

माशांचंही तसंच. अब्बा पकडलेला मासा बर्फाच्या डब्यात टाकत, वर ओलं फडकं घालत आणि डब्यावरच बसत. मिळालेले मासे मोजायचे नाहीत आणि कुणाला आकडा तर सांगायचाच नाही, ही त्यांची जन्माची रीत. नजर लागते म्हणे. मी फोन धरून विचारायचो, “अब्बा, रिपोर्ट सबमिट करायचाय. किती?”

“आहेत कालवणापुरते.”

“कालवणापुरते असं ऑप्शन नाहीये त्यात.”

“मग लिही दोन.”

एका शनिवारी उन्हाच्या आधी निघायचं म्हणून मी घाईत खरंच दोन लिहिले आणि पाठवून दिले. सामान आवरतोय तोवर तपासणीवाला आला. तरुण होता, नम्र होता. माझ्या फोनवरचा रिपोर्ट त्याने पाहिला आणि डबा उघडायला सांगितला. आत सात निघाले. त्यातला एक हामूर, म्हणजे आपला हेकरू, ठरलेल्या मापाहून लहान होता.

“बाबा, ये दो है?” त्याने अब्बांना विचारलं.

अब्बा डब्यावरचं ओलं फडकं पिळू लागले. बोललो मी. “अब्बा, तुम्हाला साधं मोजता येत नाही का? लायसन्स माझ्या नावावर आहे. कंपनीपर्यंत गेलं तर मी काय तोंड दाखवू? हे काय तुमचं गाव आहे?”

तपासणीवाल्यालाच अवघडल्यासारखं झालं. “खलास, खलास,” तो मला म्हणाला. “बाबा को मत बोलो. नेक्स्ट टाइम पूरा लिखो.” लहान हामूर त्याने ठेवून घेतला आणि तो गेला. घरी येईपर्यंत अब्बा खिडकीबाहेर पाहत होते. मला माफी मागायची होती, पण चूक त्यांचीच होती ना, असं म्हणत मी ती पुढे ढकलली.

पुढच्या शनिवारी ते मुकाट्याने आले. डब्यावर फडकं नव्हतं. गरी वर आली की स्वतःच सांगत होते. “एक शेरी. ठेवली.” “हामूर. लहान. सोडला.” “दोन झाले.” मी भराभर भरत होतो आणि मनातून खूश होतो. अखेर अब्बांना इथली पद्धत कळली, असं मला वाटलं. त्यानंतरचे दोन शनिवारही असेच गेले. एकदाही आकडा चुकला नाही.

तिसऱ्या शनिवारी रिपोर्ट पाठवून मी फोन खिशात टाकत होतो. अब्बा हात धूत होते. पाण्याकडे बघतच म्हणाले, “धाकट्याने तिकीट काढलंय. अकरा दिवस राहिले.”

“अब्बा, मी एवढं विचारत होतो, तेव्हा का नाही सांगितलं?”

“तेव्हा मी मोजत नव्हतो,” ते म्हणाले.