आठवड्याचा ग्रह

माझी नणंद हट्टी आहे हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी काय केलं असतं म्हणा, लग्न काही तिच्याशी करायचं नव्हतं. पण घर एकच, त्यामुळे तो हट्ट माझ्याही वाट्याला आला. आता त्याला कोणी नावं ठेवली तर मीच अंगावर धावून जाते.

ती वेधशाळेसाठी वर्णपटमापक बनवते. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड हे यंत्र रंगारंगांत पसरवतं. त्या रंगांत बारीक काळ्या रेघा असतात. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला की तो ताऱ्याला किंचित ओढतो आणि रेघा जागच्या हलतात, तेही केसभराहून कमी. ते हलणं पकडायचं. यंत्राला जराशी ऊब लागली तरी रेघा सरकतात, म्हणून ते हवा काढून घेतलेल्या पिंपात, पिंप खोलीत आणि ती खोली आणखी एका खोलीत. "वन्सं, पोटच्या पोरालाही कोणी इतकं जपत नाही," असं मी चिडवलं की म्हणायची, "पोर रुसलं तर समजूत तरी काढता येते, वहिनी."

मग ग्रह सापडला. सात दिवसांत एक फेरी. वेधशाळेचे साहेब हवेतच होते. मोठ्या दुर्बिणीसाठी नवं यंत्र मंजूर व्हायचं होतं, ते बनवायचं स्वप्न हिने उमेदीची सगळी वर्षं उराशी धरलेलं, आणि मंजुरी अडली होती या एका ग्रहावर. साहेबांनी पत्रकारांना बोलवायचं ठरवलं. मी तर शेजारीपाजारी सांगूनही आले. ही मात्र तोंड पाडून बसलेली. जेवताना एकदम म्हणाली, "ताऱ्याला आठवडा कोणी शिकवला?"

आठवडा माणसांचा असतो. मग दर आठवड्याला त्या खोलीत कोण जातं? दर सोमवारी हीच जायची. पिंपातली हवा ओढणाऱ्या पंपाचा काटा बाहेर कॅमेऱ्यावर दिसत होता, पण हिचा कॅमेऱ्यावर विश्वास नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, पिंपाजवळ थोडं थांबायचं. माझा नवरा म्हणतो, पिंपाशी गप्पाही मारत असेल. यंत्राला जपता जपता तिनेच त्याला ऊब दिली होती.

तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मला दिली. मी मागितली तरी देऊ नकोस म्हणाली. पुढच्या सोमवारी मागितलीच. इतक्या वर्षांत नणंदेला नाही म्हणायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती, मी काय सोडते? ती चिडली, आदळआपट केली, पण गेली नाही. काही आठवड्यांत रेघा सरळ उभ्या राहिल्या. ग्रह गेला.

मंजुरीही गेली, हे आधीच सांगून टाकते, उगाच आशा लावून बसू नका. त्या संध्याकाळी ती घरी येऊन रडली आणि तिच्याबरोबर मीही रडले. पण साहेबांबरोबरच्या बैठकीत काय झालं ते मात्र तिने डोळे पुसून, मान वर करून सांगितलं.

साहेब म्हणाले होते, मंजुरी येईपर्यंत गप्प राहा, नंतर चूक सापडली म्हणू, असं सगळीकडे होतं. ही नाही म्हणाली. मग त्यांनी घाबरवलं, तुझं यंत्र निकामी ठरेल, आयुष्यभराच्या कष्टांवर पाणी पडेल. तरी नाही. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं, मग त्या ताऱ्याभोवती फिरतंय तरी काय?

"मी," ती म्हणाली. "माझ्या अंगाची एवढीशी ऊब ज्याने लपवली नाही, ते यंत्र निकामी कसं? चुकले मी. तसं माझ्या नावानिशी छापा. पण मला ग्रह म्हणून आकाशात टांगू देणार नाही."